आलं ते लिहायचं

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी उत्तराला जुळवून घेतलेलं रीडिंग लिहीत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हे पाळतेय, आता तिसरं वर्ष चालू आहे. या एका गोष्टीवरून वर्गात, घरी आणि सरांसमोर इतकं बोलणं झालंय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

फिजिक्सच्या लॅबमध्ये उत्तर आधीच माहीत असतं. ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढायचा तर ९.८ यायला हवा. मग ९.८ वरून उलटं गणित करत जायचं, वेळ काढायची, ती शंभरांश-दोन शंभरांश इकडेतिकडे करायची की खरी वाटते. आम्ही याला बॅक कॅल्क्युलेशन म्हणतो. सीनियरची जर्नल्स त्यासाठीच हातोहात फिरतात. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळे घाई सगळ्यांनाच असते. माझी मैत्रीण बदलापूरहून येते, सकाळी लोकलमध्ये उभी, संध्याकाळी पुन्हा उभी. ती म्हणाली, “तत्त्वं घेऊन बसलीस ना, तर मार्क जातील गं.” तिचं चुकत नव्हतं. दिवसाचे चार तास गाडीत गेल्यावर प्रयोग पुन्हा करायला कुणात त्राण उरतं? माझा नियम माझ्यापुरता आहे. तिने काय लिहावं हे मी कधी सांगितलेलं नाही, आणि तिनेही माझ्या आकड्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

तर, बार पेंडुलम. मीटरभर लांबीची, ओळीने भोकं असलेली जड पट्टी. एकेका भोकातून ती नाइफ एजवर, म्हणजे धारदार आधारावर, टांगायची, हलकेच झोका द्यायचा आणि वीस ऑसिलेशनची वेळ मोजायची. मी सगळी भोकं केली, ग्राफ काढला आणि ‘जी’ आला ९.४३. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, “अगं, हे ९.८ च्या आसपास आणून लिही, सही करतो.”

हेच सर वेव्ह्ज शिकवतात तेव्हा फळ्यावरची एकही पायरी गाळत नाहीत. प्रत्येक चिन्ह कुठून आलं ते दाखवतात, म्हणून तिथे मी त्यांच्यावर डोळे झाकून नाही, तर डोळे उघडे ठेवून विश्वास ठेवते. पण ९.४३ का आलं हे त्या दिवशी त्यांनी बघितलंच नाही. एकाच माणसाचं एक म्हणणं घ्यावं आणि दुसरं बाजूला ठेवावं, यात मला त्यांचा अपमान वाटत नाही.

बघितलं ते लॅबच्या मामांनी, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटनी. सगळे गेल्यावर सामान आवरताना म्हणाले, “तू चार नंबरचं घड्याळ घेतलंयस. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद उशिरा थांबतं ते.” मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, “दोन घड्याळं दोन हातांत धरून एकदम चालू केली, एकदम बंद केली. दरवेळी तेवढाच फरक.” इतकी चोख पद्धत मला तोवर कुणी सांगितली नव्हती. मामा बारावीनंतर शिकलेले नाहीत.

तरी मी स्वतः तपासून पाहिलं. घड्याळ ठरावीकच उशीर करत असेल तर वीस ऑसिलेशन मोजा की चाळीस, जास्तीचा वेळ तेवढाच राहणार, आणि वजाबाकी केली की तो निघून जाणार. एका भोकाला वीसचे आले ३१.७ सेकंद, चाळीसचे ६२.९. दुप्पट केले तर ६३.४ हवे होते. अर्धा सेकंद! वजाबाकी ३१.२. दुसरं घड्याळ घेऊन सगळी रीडिंग पुन्हा घेतली, तेव्हा ‘जी’ आला ९.७३.

जर्नलमध्ये दोन्ही ठेवली. ९.४३ वर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण. ही सवय बाबांची. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. वेबिलवर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, खाडाखोड करू नये, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहावं, हे त्यांनी मला दहावीच्या आधीच शिकवलं होतं.

आणि हा ९.८ तरी आपला आहे का? ९.८०६६५ हे प्रमाणमूल्य १९०१ साली सगळ्या जगासाठी ठरवलं गेलं. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे ‘जी’ तिथे सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२. मुंबई १९ अंशांवर, म्हणजे इथे साधारण ९.७८६. आमच्या पट्टीला आणि घड्याळाला एवढा बारीक फरक दिसणार नाही, हे मान्य. पण मग ९.८ पर्यंत ओढून नेण्याचा हट्ट कशासाठी?

आम्ही परळला राहतो. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेसमोरून रोज जाते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. त्या दिवशी गावात १०७ जणांना लस दिली होती आणि दगावलेले सगळे एकाच बाटलीतले, ५३ एन. बाटलीचा नंबर लिहिलेला होता म्हणून माग काढता आला: गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढलं होतं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. नंबर कुणी अंदाजाने टाकला असता, तर सांगा, रॉस तरी कशाच्या आधारावर बोलणार होते?

म्हणून कुणी काही ठामपणे सांगितलं की मी आधी विचारते, कसं कळलं आणि किती चुकू शकतं. क्लासचे सर असोत, नात्यातले काका असोत, फॅमिली ग्रुपवरचा मेसेज असो. काका रागावतात. पण हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, तर माझ्या वहीतले आकडे खरे असायला हवेत. नाहीतर कुठल्या तोंडाने विचारणार?

सरांनी जर्नल थोडे दिवस अडवून ठेवलं, मग सही केली. परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅमनी रेघ मारलेल्या ९.४३ वर बोट ठेवलं आणि बाकी सगळा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, चार नंबरच्या घड्याळावर झाला. जर्नलचे मार्क मैत्रिणीपेक्षा कमीच मिळाले. चालतील.

आता प्रोजेक्टसाठी गाइड निवडायचेत. सीनियर सांगतात, अमुक सर मार्क भरपूर देतात, तमुक मॅम राबवून घेतात. मी दोघांनाही भेटणार आहे आणि मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टची रफ वही बघायला मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारणार आहे. जे दाखवतील त्यांच्याकडे नाव देईन.