न्यू जर्सी ते असोदा: पिन बसली म्हणून लावू नका

ताई आणि भाची अमेरिकेहून येणार होत्या, त्यांना घ्यायला मुंबईला गेलो आणि रात्रीच्या गाडीने जळगावला निघालो. इगतपुरीच्या आसपास भाचीने चार्जर काढला. आमच्या डब्यातल्या पॉइंटवर ‘११० व्होल्ट’ लिहिलेलं होतं. म्हणजे गाडीत जवळपास तिच्या तिकडच्या घरासारखीच वीज, आणि जळगावला उतरलं की २३०! मोबाइलच्या चार्जरला दोन्ही चालतं; त्याच्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने घर सोडण्याआधी ती ओळ वाचावीच.

अमेरिकेची पिन चपट्या पात्यांची, आपली गोल. ॲडाप्टर लावला की बसते. पण ॲडाप्टर पिनेचा आकार तेवढा जुळवतो, व्होल्टेजला हात लावत नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

घरी बॅगा उघडल्यावर ताईचा केसांचा ड्रायर निघाला. ‘१२५ व्होल्ट, १८७५ वॉट.’ मी तो लगेच बाजूला ठेवला. तिकडे तो १५ अँपिअर घेतो. आपल्या २३० वर तीच कॉइल सत्तावीसच्या पुढे जाणार, म्हणजे सहा हजार वॉटच्या वर. आपलं मोठं सॉकेटसुद्धा १६ अँपिअरचं. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, वेळेत पडला तर ठीक, नाहीतर कॉइल गेलीच. काही ड्रायरना ११५/२३० असा खटका असतो, ह्याला नव्हता. ताई म्हणाली, “अरे, ट्रान्सफॉर्मर मिळतो ना?” मिळतो, पण एवढ्या वॉटचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, म्हटलं की चांगलं जड धूड. त्यापेक्षा फुले मार्केटातून इथला ड्रायर आणला.

दुसऱ्या दिवशी असोद्याला मावशीकडे गेलो. बहिणाबाईंचं माहेर हे, आणि थंडीत भरिताच्या वांग्यांचं गाव. मळ्यात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, साल काळी पडून सुटायला लागली, देठ धरून सोलली. मावशीने मिरच्या-लसूण मिक्सरमधून काढला आणि ताईने हट्टच धरला, “मला हाच मिक्सर न्यायचाय.”

मी तो उलटा करून तिला खालची पट्टी दाखवली: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॉट. तिकडच्या १२० वर तो फिरेल, पण व्होल्टेज निम्मं झालं की मोटरची ताकद निम्म्याहूनही खाली येते. सुकं खोबरं, भाजलेला कांदा, खडा मसाला त्यात वाटायला गेलं की मोटर घुमत राहील आणि तापेल. हर्ट्झच्या फरकाचं (आपल्याकडे ५०, तिकडे ६०) अशा मोटरला फारसं काही नसतं, अडचण व्होल्टेजची. आपल्याकडच्या कंपन्या खास परदेशासाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, भांडी हीच, दणकट.

“मग तोच घे बाई,” मावशी म्हणाली, “तोवर मसाला मी कुटून देते.”

मिक्सर मागवलाय. ताईच्या परतीच्या विमानाआधी तो हातात पडायला हवा.