घराच्या दारापासून धावपट्टीपर्यंत: स्प्रूस क्रीकची पाहणी

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोहून आय-४ महामार्गाने डेटोना बीचच्या दिशेने निघायचं, आय-९५ लागला की दक्षिणेकडे वळायचं आणि २५६ क्रमांकाच्या एक्झिटला बाहेर पडायचं. हे पोर्ट ऑरेंज. इथून स्प्रूस क्रीक या वैमानिकांच्या वसाहतीचं फाटक जवळच आहे. फाटकावर पहारा असतो. आतल्या रहिवाशाने किंवा इस्टेट एजंटने तुमचं नाव कळवून ठेवलेलं नसेल तर गाडी तिथूनच मागे फिरते. म्हणून घरं बघायला येणाऱ्याने वेळ आधी ठरवावी, आणि जमलं तर शनिवार सकाळची. त्या वेळी इथले वैमानिक थव्याथव्याने उड्डाणाला निघतात. जे घर मनात भरलंय त्याच्या अंगणात अर्धा तास उभं राहून तो आवाज ऐकावा. घरातल्या न उडणाऱ्या माणसालाही सोबत न्यावं, कारण आवाजाबद्दलचं खरं मत त्याच्याकडून कळतं.

एअरपार्क म्हणजे धावपट्टीभोवती वसलेली वसाहत. घराला लागून हँगर (विमान ठेवायची शेड), हँगरसमोर टॅक्सीवे (विमान जमिनीवरून न्यायची वाट), टॅक्सीवेच्या टोकाला धावपट्टी. अमेरिकेत अशा शेकडो वसाहती आहेत आणि त्यांत स्प्रूस क्रीक सगळ्यांत मोठी समजली जाते: सुमारे १,३०० घरं, ७०० हँगर. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने सरावासाठी बांधलेलं हे मैदान. त्यातली एकच धावपट्टी आज वापरात आहे, ४,००० फूट लांब आणि १७६ फूट रुंद. खासगी वसाहतीत एवढी रुंदी कुणी हौसेने बांधणार नाही.

हवेतून येणाऱ्यासाठी: नकाशावर हे विमानतळ खासगी म्हणून दाखवलंय, म्हणजे आधी परवानगी हवी. उत्तरेला जेमतेम सहा नॉटिकल मैलांवर डेटोना बीचचा मोठा विमानतळ आहे, त्याच्या क्लास सी (नियंत्रण कक्षाशी रेडिओवर बोलूनच शिरायच्या) हवाईक्षेत्राची बाहेरची पायरी या वसाहतीच्या डोक्यावर येते. एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप कळवत राहणारं उपकरण) नसलेलं विमान घेऊन इथे राहायला येण्यात अर्थ नाही. एम्ब्री-रिडल विद्यापीठाची प्रशिक्षण विमानं, न्यू स्मर्ना बीच विमानतळाची वर्दळ आणि किनाऱ्याने जाहिरातीची फलकं ओढत फिरणारी विमानं, अशी आकाशात दिवसभर दाटी असते. भारतातून फ्लोरिडात शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना हा पट्टा तोंडपाठ असतो. इथे ज्याला रेडिओवर नेमकं आणि थोडक्यात बोलता येत नाही त्याने आधी दोन-चार तास स्थानिक प्रशिक्षकाबरोबर उडावं.

धावपट्टीची लांबी पुरेल का, याचं उत्तर विमानाच्या पुस्तिकेत शोधायचं. सेस्ना १७२ एस या छोट्या विमानाला पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीवर, १५ अंश सेल्सिअसला जमीन सोडायला ९६० फूट आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडायला १,६३० फूट लागतात. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात ३० अंश धरले तर हा आकडा दहा-अकरा टक्क्यांनी वाढतो. पारा ३५ वर गेला की समुद्रसपाटीवर असूनही इंजिन आणि पंख साधारण २,४०० फुटांवर असल्यासारखे वागतात. तरी इथे ४,००० फूट भरपूर आहेत. लहान वसाहतींत २,५०० फुटांची पट्टी आणि तिच्या टोकाला पाइनची झाडं अशी गाठ पडते, तेव्हा हाच हिशोब कागदावर मांडून बघावा.

फाटकाच्या आत शिरल्यावर रस्ते आणि टॅक्सीवे जिथे एकमेकांना छेदतात तिथे मोटारीने थांबायचं, विमान आधी जातं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातल्या कॅमेरॉन पार्कमध्ये, रस्ता हाच टॅक्सीवे असतो. तिथे रस्ते १०० फूट रुंद आहेत, आणि पंख अडकू नयेत म्हणून रस्त्यांच्या पाट्या आणि टपालपेट्या मुद्दाम बुटक्या ठेवल्यात. घर बघताना मोजपट्टी घेऊन जाण्याची लाज वाटू देऊ नये. हँगरपासून टॅक्सीवेपर्यंतच्या वाटेत झाडाची फांदी, शेजाऱ्याची कुंपणाची खुंटी, दिव्याचा खांब काहीही असू शकतं. विमान मागे ढकलावं लागतं म्हणून हँगरसमोरच्या काँक्रीटचा उतारही बघावा. पाणी बाहेर जाण्याइतका उतार हवाच, पण थोडा जास्त झाला की एकट्या माणसाला विमान आत घेता येत नाही आणि विमान ओढणारा, विजेवर चालणारा टग घ्यावा लागतो.

आता हँगर. बहुतेकजण स्वयंपाकघर बघतात आणि हँगरमध्ये दोन मिनिटं डोकावतात. प्रमाण उलट हवं. १७२ च्या पंखांची लांबी ३६ फूट १ इंच, शेपटाची उंची ८ फूट ११ इंच. सिरस एसआर२२ चे पंख ३८ फूट ४ इंच. दार ४० फुटांचं असेल तर सिरसला दोन्ही बाजूंना जेमतेम दहा-दहा इंच उरतात, आणि पंखाचं टोक ठोकलं जातं ते नेहमी याच दहा इंचांत. ४४-४५ फुटांच्या खाली दार घेऊ नये. उंची विचारताना ‘दार केवढं’ असं न विचारता ‘दार पूर्ण उघडल्यावर मोकळी उंची किती’ असं विचारावं. मधोमध दुमडून वर जाणाऱ्या बायफोल्ड दाराची घडी वरची फूट-दीड फूट जागा खाते. हायड्रॉलिकवर उचललं जाणारं अखंड दार ही जागा खात नाही, पण ते बाहेर झेपावत उघडतं, त्यामुळे समोर मोटार उभी असेल तर अडतं, आणि त्याचा बराच भार वरच्या तुळईवर येतो. जुन्या हँगरला असं दार नंतर बसवलेलं असेल तर तुळई त्यासाठी मजबूत केली होती का, याचा इंजिनिअरचा कागद मागावा. वीज गेल्यावर दार हाताने कसं उघडतं तेही प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावं. चक्रीवादळानंतर इथे वीज कित्येक दिवस जाऊ शकते.

वादळात घराचा सगळ्यांत कच्चा भाग म्हणजे हेच दार. ते आत वाकलं की वारा शिरतो आणि छताला खालून वर रेटतो, शिवाय बाहेरचा वारा छप्पर वर ओढतच असतो. म्हणून दाराला फ्लोरिडाचा उत्पादन-मंजुरी क्रमांक आहे का आणि व्होल्युशिया काउंटीच्या नोंदीत त्या कामाचा परवाना शेवटची तपासणी होऊन बंद झालेला दिसतो का, हे तपासायचं. परवाना ‘उघडा’ राहिलेला असेल तर खरेदीनंतर तो तुमच्या गळ्यात पडतो.

बिल्डिंग कोडनुसार घरगुती हँगर २,००० चौरस फूट क्षेत्रफळ आणि २० फूट उंचीपर्यंतच मानला जातो, घर आणि हँगर यांच्यामध्ये एक तास आग अडवणारी भिंत लागते, आणि मधलं दार आपोआप बंद होणारं हवं. मागच्या मालकाने सोयीसाठी या भिंतीत एसीचा पाइप किंवा खिडकी काढलेली असेल, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमकं तेच पकडतो.

पण माझ्या मते घर, हँगर, अगदी धावपट्टीची लांबी या सगळ्यापेक्षा कागद महत्त्वाचा. तुम्ही खरं तर विकत घेता तो दारापासून धावपट्टीपर्यंत विमान नेण्याचा वहिवाटीचा हक्क. शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जाणाऱ्या गाडीवाटेवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात, तसंच हे प्रकरण आहे. हा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे की नुसताच रिवाज आहे? तो जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो की व्यक्तीपुरता आहे? टायटल इन्शुरन्समध्ये (मालकीहक्काच्या विम्यात) घराच्या भूखंडाबरोबर टॅक्सीवेच्या वहिवाटीचाही उल्लेख आहे का? नसेल तर तो घालून घ्यावा. फाटकाच्या आतलं प्रत्येक घर टॅक्सीवेवर नसतं हेही लक्षात ठेवावं. गोल्फच्या मैदानाला लागून असलेली घरं देखणी असतात, पण त्यांच्या मालकांना हँगर वेगळा विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो.

त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: धावपट्टी कुणाच्या मालकीची आहे? सोसायटीच्या, मूळ विकासकाच्या, की एखाद्या कुटुंबाच्या? कुटुंबाच्या असेल तर वारसांनी ती विकली त्या दिवशी तुमच्या हँगरची अडगळीची खोली होते. काही वसाहतींत धावपट्टी एकाची आणि टॅक्सीवे दुसऱ्याचे असतात, दोन्ही सातबारे वेगळे समजून तपासावेत.

मग सिंकिंग फंड. डांबराचं आयुष्य संपलं की पट्टी पुन्हा करावी लागते आणि तो खर्च रहिवाशांवरच येतो. ४,००० गुणिले १७६ म्हणजे सात लाख चौरस फूट. सगळ्या १,३०० घरांनी समान वाटून घेतलं असं धरलं तर दर घरामागे साधारण ५४० चौरस फूट डांबर. याउलट ३० घरांची वसाहत आणि ३,००० बाय ५० फुटांची पट्टी घ्या: दर घरामागे ५,००० चौरस फूट. छोट्या वसाहतीचा मासिक मेंटेनन्स कमी दिसतो तेव्हा हा हिशोब करून बघावा. सोसायटीकडून गेल्या काही वर्षांचे ताळेबंद, राखीव निधीचा अभ्यास आणि सभांची इतिवृत्तं मागवावीत. भांडणं इतिवृत्तांत सापडतात.

पोटनियमांत बघायचं ते असं: हँगरमध्ये विमान नसलं तर चालतं का, हेलिकॉप्टरला मुभा आहे का, किती वजनापर्यंतचं विमान टॅक्सीवेवर चालतं, घरासमोर इंजिनाची तपासणी करता येते का, सरावाच्या लागोपाठ लँडिंगवर बंदी आहे का. बहुतेक ठिकाणी तुमच्या विमानाच्या विम्यात सोसायटीचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावं लागतं.

एक गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात. सार्वजनिक विमानतळाभोवती उंच बांधकाम होणार असेल तर त्याची सूचना एफएएला (अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याला) द्यावी लागते. खासगी धावपट्टीला, तिथे एफएएने मंजूर केलेली उपकरण-पद्धत (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांच्या आधारे उतरण्याची रीत) नसेल तर, हे संरक्षण नसतं. म्हणजे पट्टीच्या टोकापलीकडची मोकळी जमीन कुणाची आणि तिथे मोबाइलचा मनोरा येऊ शकतो का, हे काउंटीच्या झोनिंग नकाशावर आपणच बघायचं.

स्प्रूस क्रीकवरून मत बनवायच्या आधी ओकाला बघावं. ऑर्मंड बीचवरून राज्य रस्ता ४० पकडला की तो ओकाला राष्ट्रीय वनातून सरळ पश्चिमेला जातो. शहराच्या दक्षिणेला लीवर्ड एअर रँच हा एअरपार्क आहे, गवताची लांबलचक धावपट्टी. गवतावर टेलव्हील (शेपटाखाली चाक असलेली) विमानं खूश असतात आणि टायर कमी झिजतात, पण १७२ एसची पुस्तिका कोरड्या गवतासाठी उड्डाणाच्या जमिनीवरच्या धावेत १५ टक्के आणि उतरतानाच्या धावेत ४५ टक्के वाढ सांगते. पावसाळी आठवड्यात ओल्या गवतावर ब्रेक जवळजवळ नसल्यासारखेच. (ओकालाजवळच जंबोलेअर आहे, ७,५५० फुटांची पट्टी. हॉलिवूडचा नट जॉन ट्रॅव्होल्टाचं बोइंग ७०७ दारात उभं असायचं ते तिथेच. तुमच्या-आमच्या हिशोबात ते बसत नाही.)

तिसरा प्रकार फ्लोरिडाबाहेरचा. ऑरेगनमधल्या इंडिपेंडन्स इथे विमानतळ राज्य सरकारचा आहे आणि घरं कुंपणापलीकडे. रहिवासी शुल्क भरून आत येतात. धावपट्टीचं डांबर तुमच्या खिशातून जात नाही, पण प्रवेश करारावर अवलंबून असतो. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या विमानतळांवर अशी व्यवस्था चालावी की नाही यावरून बरीच ओढाताण झाली, शेवटी २०१२ च्या कायद्याने सामान्य विमानवाहतुकीच्या विमानतळांना तशी मोकळीक मिळाली. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर बँक प्रश्न विचारते, आणि बरोबरच विचारते. एरवीही एअरपार्कच्या घराला कर्ज मिळवणं कटकटीचं असतं, कारण मूल्यांकनकाराला तुलनेसाठी हँगर असलेली विकली गेलेली घरं सापडत नाहीत.

फ्लोरिडातलं हवामान विमानाला सोसत नाही. समुद्र जवळ, हवा दमट. आठवडेच्या आठवडे न उडलेल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्टवर गंज धरतो. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून उपयोग नाही, तेलातलं पाणी उडून जाण्याइतकं ते तापत नाही. उडायचं तर तासभर उडावं, नाहीतर सिलिंडरांत शोषक प्लग लावून ठेवावं. मातीची घरटी करणारी गांधीलमाशी पिटो नळीत (वेग मोजायच्या नळीत) आणि इंधनटाकीच्या श्वासनळीत घर करते, हँगर बंद असला तरी. झाकणं प्रत्येक वेळी लावायची आणि उड्डाणाआधी काढल्याची खात्री करायची. उन्हाळ्यात दुपारी समुद्री वारा आत सरकला की गडगडाटी ढग उभे राहतात, म्हणून इथली उड्डाणं सकाळची.

स्थलांतराच्या कागदांत तीन गोष्टी. पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत वैमानिक प्रमाणपत्र आणि विमानाची नोंदणी या दोन्हींसाठी एफएएला स्वतंत्रपणे कळवावं लागतं. नुकतंच घेतलेलं विमान फ्लोरिडात आणलं तर ६ टक्के वापर कर लागू शकतो. दुसऱ्या राज्यात सहा महिने किंवा जास्त काळ मालकीत आणि वापरात असेल तर सहसा लागत नाही, पण त्याचे पुरावे म्हणून हँगरभाडं आणि इंधनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आणि एच-१बी वर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: घर तुमच्या नावावर होईल, विमान होणार नाही. एन-क्रमांकाची (अमेरिकी विमानाच्या क्रमांकाची) नोंदणी स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. नाहीतर ट्रस्टमार्फत नोंदणी करावी लागते, आणि त्याचं वार्षिक शुल्क मेंटेनन्सच्या हिशोबात धरावं लागतं.

खरेदीआधी हँगर असलेलं घर भाड्याने मिळत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावं. फेब्रुवारीत फ्लोरिडा सगळ्यांनाच आवडतो.