मुरगावहून निघताना विंचचा हिशेब

मुरगावचा पायलट उतरला, जहाज पश्चिमेला वळलं आणि आम्ही वेळापत्रक पुन्हा मांडलं. दोन स्टेशनांमध्ये, म्हणजे समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायला जहाज थांबतं त्या जागांमध्ये, 60 सागरी मैल, वेग 10 नॉट, म्हणजे 6 तास. हे कुणालाही जमतं. हिशेब फसतो तो विंचवर, म्हणजे केबलनं उपकरणं खाली-वर करणाऱ्या यंत्रावर. मिनिटाला 60 मीटर केबल सोडली तर 3000 मीटरला जायला 50 मिनिटं, यायला 50. वर येताना वेगवेगळ्या खोलीचं पाणी पकडायला 24 बाटल्या मिटवायचे थांबे, शिवाय डेकवरची बांधाबांध. अडीच तास धरा. म्हणजे स्टेशनामागे साडेआठ तास! दिवसाला तीन स्टेशनं लिहिलेला प्लॅन पहिल्याच रात्री कोलमडतो.

स्टेशनवर केबलची बाजू वाऱ्याकडे ठेवतात, म्हणजे जहाज केबलपासून दूर सरकतं. उलट झालं तर केबल बुडाखाली जाते. तापमान, क्षारता नि दाब मोजणारी सीटीडी आधी 10 मीटरवर दोनेक मिनिटं थांबते, पंप सुरू होऊन बुडबुडे निघेपर्यंत. पहिले शंभर मीटर सावकाश. जहाज डोललं आणि केबल सीटीडी आणि बाटल्यांच्या फ्रेमपेक्षा वेगानं सुटली, की ढिली पडते, वेटोळं होतं आणि ताण येताच पोलादी तार मुडपते. खाली तळापासूनची उंची दाखवणारा अल्टिमीटर बघत तळाच्या 10 मीटर वर थांबायचं. उतारावर जहाजावरून ध्वनीनं खोली मोजणाऱ्या एको साउंडरच्या आकड्यावर विसंबू नये.

रोझेट, म्हणजे ही बाटल्यांची फ्रेम, डेकवर आली की बाटलीचा वरचा स्क्रू बंद ठेवूनच तोटी उघडा. पाणी वाहिलं तर बाटली गळकी, नमुना बाद. ऑक्सिजनचा नमुना सगळ्यात आधी: नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत, एकही बुडबुडा न येता पाणी भरपूर ओसंडू द्यायचं, मग मँगनीजचं आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण. वरच्या थरातल्या पाण्यात ऑक्सिजन असतो, म्हणून तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरमध्ये ऑक्सिजन इतका कमी, की तिथला साका पांढुरकाच राहतो. नवख्यांना वाटतं द्रावण बिघडलं! क्षारतेचा नमुना शेवटी घेतला तरी चालतो.

केबलचं टोक खराब झालं तर ते कापून नवं टर्मिनेशन, म्हणजे फ्रेमशी नवा जोड, करायचं. रेझिन घट्ट होईपर्यंत विंच बंद. शिवाय समुद्र खवळला की कप्तान काम थांबवतात, आणि तिथे चीफ सायंटिस्टचं काही चालत नाही, चालूही नये. म्हणून वेळ कमी पडल्यास कोणती स्टेशनं आधी गाळायची, ती यादी बंदर सोडण्यापूर्वीच ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, द्यावी.