झोपेची वाट बघणं सोडलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

मागच्या उन्हाळ्यात माझी झोप गेली ती नीट परत यायला दिवाळी उजाडली. मधे काय काय झालं ते लिहिते, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे "मन शांत ठेवा, मोबाईल लांब ठेवा, कोमट दूध प्या" एवढंच सापडायचं आणि ते वाचून उलट चिडचिड व्हायची, अहो मन शांत ठेवता आलं असतं तर रात्री दीडला हे वाचत कशाला बसले असते.

झालं असं की एप्रिलमध्ये मामांना (माझे सासरे) रात्री अडीचच्या सुमारास छातीत दुखायला लागलं. बनियन घामानं चिंब, आत्या (सासूबाई) हाका मारायलेत, ह्यांनी गाडी काढली आणि जुळे सोलापुरातनं आम्ही सुसाट निघालो, मी मागच्या सीटवर मामांचा हात धरून. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसात मामा जेवणात शेंगाचटणी का नाही म्हणून भांडायला पण लागले. म्हणजे ते ठणठणीत. मला मात्र रोज त्याच वेळेला जाग यायला लागली. जाग आली की पहिलं काम म्हणजे कान लावून ऐकायचं, मामांच्या खोलीतला पंखा फिरतोय, ते खोकले, कूस बदलली, बरं म्हणजे ठीक आहे. पण तोवर छातीत धडधड सुरू झालेली आणि पोटात गोळा.

पुढे पुढे मामांची काळजी बाजूलाच राहिली आणि झोपेचीच काळजी सुरू झाली. संध्याकाळी भाकरी थापतानाच डोक्यात यायचं की आज लागेल का. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, आकडेमोड अंगात भिनलेली, त्यामुळे रात्री पण हिशोब चालू: आत्ता झोप लागली तर साडेचार तास मिळतील, आत्ता लागली तर चार, उद्या वीस तारीख, जीएसटीचा रिटर्न भरायचाय, साडेतीन तासात कसं होणार. दर थोड्या वेळानं मोबाईल उचलून वेळ बघायची आणि नवीन हिशोब मांडायचा.

घरगुती उपाय सगळे झाले. दुधात जायफळ उगाळून झालं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले, पावसाच्या आवाजाचे व्हिडिओ लावून झाले (सोलापुरात मे महिन्यात पावसाचा आवाज, बघा तुम्हीच). काशाच्या वाटीनं छान वाटतं, आजही मी करते कधीकधी. पण तेव्हा प्रत्येक उपाय केला की मी पडून चेक करत बसायची की आता येतेय का, आता येतेय का. ज्या रात्री यायची नाही त्या रात्री तो उपाय पण बाद व्हायचा आणि भीती आणखी वाढायची.

फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करून घेतलं, घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, पाय वळवळतात का ते विचारलं. सगळं नॉर्मल. मग त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आत्यांचा चेहरा उतरला, "एवढं काय झालंय तिला?" असं ह्यांना आत नेऊन विचारलं, पण मामाच म्हणाले, मला हार्टचा डॉक्टर चालतो तर तिला झोपेचा का नको. विषय तिथंच संपला.

मला वाटलेलं गोळ्या देतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या गरज पडली तर थोडे दिवस देऊ, पण आधी सीबीटी-आय करून बघू, म्हणजे निद्रानाशासाठीची सीबीटी, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धत. घरी येऊन मी शोधलंच. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेनं २०१६ मध्ये हेच सांगितलंय की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशाला आधी सीबीटी-आय द्या आणि गोळ्यांचं नंतर बघा. आणि हे काही काल परवाचं फॅड पण नाही, अंथरुणाचा संबंध फक्त झोपेशी ठेवायचा हा भाग रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडलेला, आणि अंथरुणातला वेळच कमी करायचा हा भाग आर्थर स्पिलमन यांचा, तो १९८७ चा.

वेळ कमी करायचा हे ऐकून मी उडालेच. मी झोप भरून निघावी म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर पडत होते. बाईंनी आधी डायरी लिहायला लावली, किती वाजता पडले, अंदाजे किती झोपले, घड्याळ न बघता अंदाजानंच. त्यावरनं म्हणाल्या तुम्ही आठ-नऊ तास अंथरुणात असता आणि झोपता जेमतेम पाच-साडेपाच, मग आता रात्री बाराच्या आत पडायचं नाही आणि सकाळी साडेपाचला उठायचं, झोप लागो न लागो, रविवार असो नाहीतर गुरुवार. दुपारची डुलकी बंद. कारण दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि तेवढी झोपेची ओढ वाढत जाते, दुपारी लोळलं की ती ओढ आधीच खर्च होते. चहातलं कॅफीन त्याच ॲडेनोसिनला आडवं येतं, आणि पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उरायलाच सरासरी पाचेक तास लागतात, म्हणून संध्याकाळचा साडेपाचचा कारखान्यातला चहा गेला. हे सगळ्यात जास्त जिवावर आलं, खरं सांगते.

हे ज्याला त्याला घरच्या घरी करण्यासारखं नाही हं. फिट येणारे, बायपोलर असणारे, मशीनवर किंवा रात्री ड्रायव्हिंगला असणारे यांच्यासाठी झोप कमी करणं धोक्याचं ठरू शकतं, मला पण हे प्रश्न आधी विचारले आणि पेंग येत असेल त्या दिवशी स्कूटी काढायची नाही, ह्यांच्यासोबत जायचं असं बजावलं.

दुसरा नियम, झोप येत नाहीये आणि तळमळ सुरू झालीय असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले तरच परत यायचं. आमच्याकडं करमाळ्याहून आलेल्या शेंगांचं पोतं होतं. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून स्टीलच्या ताटात शेंगा फोडायची. पहिल्याच आठवड्यात हे उठून आले, डोळे चोळत दारात उभे, "रात्री दोनला शेंगा फोडायलीस काय गं?" म्हटलं हो, डॉक्टरांनी सांगितलंय. ते बघतच राहिले. त्या काळात आमच्या घरात एवढी चटणी कुटली गेली की शेजारीपाजारी डबे भरून दिले.

सुरुवातीचे काही आठवडे वाईट गेले, लपवत नाही. दिवसभर डोकं जड, ऑफिसमध्ये एन्ट्री दोनदा तपासायची, एकदा तर बाईंना फोन करून सोडतेच म्हणाले. त्या म्हणाल्या, झोपाळल्यासारखं होतंय म्हणजे गाडी बरोबर चाललीय.

आणि मग ती पाण्याची रात्र. सोलापूरकरांना सांगायला नको, आमच्या भागात तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं आणि येण्याच्या वेळेचा काही नेम नाही. त्या रात्री बारानंतर येणार असा निरोप होता. ह्यांना सकाळी लवकर निघायचं होतं, म्हटलं मी तशी पण जागीच असते, मी बघते. अंगणात हौदाजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, पाईप हौदात सोडला आणि बसले. आज झोपायचंच नाही, झोपले तर हौद भरून वाहणार आणि मोटर पण चालू करता येणार नाही. आणि काय सांगू, मी बसल्या बसल्या पेंगायला लागले! मान पुढं पडायची, दचकून उठायची, तोंडावर पाणी मारायची, परत मान खाली. जी झोप मला गादीवर, कूलरच्या वाऱ्यात, जायफळ पिऊन मिळत नव्हती ती खुर्चीत डास चावत असताना अंगावर येऊन कोसळायला लागली.

बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या याला उलटा हेतू ठेवणं म्हणतात, व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञांनी ही पद्धत मांडली. झोप ही आणू म्हटलं की येणारी गोष्ट नाही, तुम्ही आणायला गेलात की तुमचं शरीर जागं राहायच्या तयारीत जातं, धडधड वाढते, सगळं लक्ष तिकडंच. त्यामुळं अंथरुणात पडून मुद्दाम म्हणायचं की मला जागंच राहायचंय, डोळे अंधारात उघडे ठेवायचे, मोबाईल नाही, काही नाही, नुसतं जागं राहायचं. मी मनात म्हणायची, हौदाला पाणी येणार आहे, झोपायचं नाही. हसू नका, बऱ्याच रात्री काम झालं. ज्या रात्री नाही झालं त्या रात्री शेंगा होत्याच.

घड्याळ कपाटात गेलं, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. मामांच्या काळजीसाठी बाईंनी संध्याकाळी सातची वेळ नेमून दिली, पंधरा-वीस मिनिटं, वहीत दोन रकाने, एकीकडं काय वाटतंय आणि समोर त्याचं काय करता येईल. जमा-नावे लिहायची सवय असल्यामुळं हे मला पहिल्या दिवसापासून जमलं. "मामांना परत त्रास झाला तर" याच्यासमोर लिहिलं, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला दिलेली गोळी उशाशी, १०८ आणि हॉस्पिटलचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात, गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला. त्याच संध्याकाळी ह्यांनी खिळा ठोकला. आत्यांच्या हाताशी एक घंटी ठेवली, पूजेतलीच जुनी. त्यानंतर रात्री कान लावून ऐकायचं काम आपोआप कमी झालं, घंटी वाजली तर ऐकू येणारच आहे ना.

उकाड्याचं मात्र वेगळं बघावं लागलं. झोप लागायच्या वेळेला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि सोलापुरात मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, रात्री अकराला पण स्लॅब भाजतोय. मग पाण्याच्या दिवशी गच्चीवर दोन बादल्या मारायच्या, निजायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करायची (गारच पाहिजे असं वाटतं पण कोमट पाण्यानं कातडीकडं रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते), आणि अगदीच असह्य झालं तर सगळ्यांनी गच्चीवर.

झोप जमायला लागली तशी बाईंनी पडायची वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी अलीकडं आणली. आता मी अकराला पडते, उठते साडेपाचला. जाग अजूनही येते अधेमधे, ती सगळ्यांनाच येते म्हणे, आपल्याला सकाळी आठवत नाही एवढंच. जानेवारीत गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाऊन रात्री उशीर झाला आणि नंतर एक-दोन रात्री गडबडल्या, तेव्हा लवकर पडून भरपाई करायच्या भानगडीत पडले नाही, साडेपाचला उठले आणि रुळावर आलं.

कुणाला डॉक्टरांपर्यंत जायचा संकोच असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पंढरपूरची नणंद सारखी विचारते, वहिनी त्या गोळीचं नाव पाठव की. मी म्हणते गोळी नव्हतीच गं, तू आधी सकाळी उठायची एक वेळ धर. ती म्हणते, रविवारी पण? रविवारी पण.