भीतीची मासिक वर्गणी

गुरुवार, रात्री पावणेबारा

ईमेल आलाय. रविवारी सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू होईल, 'आपल्याला काहीही करायची गरज नाही'. भयपटात कुणी असं म्हणालं की पंधरा मिनिटांत ते पात्र तळघरात सापडतं. म्हणून वही उघडली.

नुसत्या भयपटांची ही सेवा घेतली तेव्हा नवऱ्याने एकच विचारलं होतं, "अगं, आधीच्या दोन ठिकाणी भुतं कमी पडली का?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आता हिशेब मांडते. २७ दिवसांत ९ सिनेमे पूर्ण पाहिले, ५ अर्ध्यावर सोडले, आणि ८ रात्री नुसती पोस्टरं चाळत बसले नि काहीच न बघता झोपले. त्या ८ रात्रींचेही पैसे भरलेच की.

शिवाय त्या ९ पैकी २ सिनेमे मला फुकट बघता आले असते. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ चा. त्याचं नाव आधी वेगळं होतं. प्रदर्शनाच्या वेळी वितरकाने ते बदललं आणि नव्या नामपट्टीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्कच गेला. एका ओळीपायी अख्खा सिनेमा तिथे सगळ्यांचा झाला, आणि नेटवर तो कुठेही सापडतो. दुसरा १९२२ चा 'नोस्फेराटू'. तो 'ड्रॅक्युला'वरून परवानगी न घेता केला होता. लेखकाची विधवा कोर्टात गेली आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून आपण आज तो पाहतो. पिशाच्चाच्या सिनेमाला मारूनही मरण येऊ नये, हे त्याला शोभतं.

तर फसले का मी? तसं वाटलं, म्हणून आज लॅपटॉपवर फुकटची प्रत आणि टीव्हीवर सेवेतली प्रत अशी शेजारीशेजारी लावली. सुरुवातीचा स्मशानातला प्रसंग. बहीणभाऊ थडग्यापाशी बोलताहेत आणि मागे, खूप लांब, एक माणूस चालतोय. फुकटच्या प्रतीत तो एक करडा डाग आहे, झाड म्हणा की धूळ म्हणा. सेवेवर मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत आहे. तिच्यात तो माणूसच दिसतो, चालीत काहीतरी बिघडलेला. ती दोघं आपल्याच बोलण्यात असतात आणि आपण त्यांच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत असतो. सगळी भीती त्या अंतरात आहे. डागात ती नाही.

म्हणजे 'किती सिनेमे आहेत' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. जाहिरातीतल्या आकड्यात जुने हक्कमुक्त सिनेमेही धरलेले असतात आणि कॅमेरा हलवत जंगलात पळणारे तीसएक सारखे सिनेमेही. कोणती प्रत ठेवली आहे, ते बघावं.

शुक्रवार

प्रतीचं कौतुक काल केलं, आज लगेच तोंडघशी. ज्या सिनेमाची महिनाभर वाट पाहिली तो लावला. पाऊण सिनेमा काळोखात. दिवा मालवला, पडदा ओढला, आणि दाराच्या फटीतल्या अंधारात दिसले काय तर चौकोन. गडद, कमी गडद, थोडे हिरवट. चित्र पाठवताना माहिती दाबून लहान करतात, आणि त्या काटकसरीचा पहिला फटका बसतो अंधाराला, कारण तिथे डोळ्याला फरक कळणार नाही असं गृहीत असतं. क्रिकेटच्या सामन्यात नाही कळत. पण भयपट बघणारा माणूस त्याच कोपऱ्यात डोळे फाडून बसलेला असतो! काळ्या रंगावर पोट भरणाऱ्या सेवेने निदान काळा रंग तरी धड दाखवावा.

अजून एक. पोस्टरवर जरा थांबलं की ट्रेलर आपोआप सुरू होतो आणि त्यात शेवटचा दचका देऊन टाकतात. ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, हे मला आज, २८ व्या दिवशी कळलं.

शनिवार, दुपारी

धाकट्याचा फोन. लहानपणी एका पांघरुणाखाली आम्ही दोघं हेच उद्योग करायचो. सेवा बंद करू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "ताई, तू सिनेमे मोजतेयस. सांग, या महिन्यात असं काय पाहिलंस जे तू स्वतःहून कधीच शोधलं नसतंस?"

तीन निघाले. एक ग्वाटेमालाचा, एक अर्जेंटिनाचा, आणि एक तासाभराहून लहान, व्हिडिओ कॉलवरच घडणारा. या तिघांची नावं मी कुठल्याही चौकटीत टाइप केली नसती. मोठ्या सेवांवरही असे सिनेमे असतात, पण तिथे मी एक भुताचा सिनेमा पाहिला की पुढे आठवडाभर खुनांच्या मालिका समोर येतात. त्यांच्या लेखी दोन्ही 'गडद'. इथे मात्र कुणीतरी माणसाने निवड केल्याचं जाणवतं. 'पाण्यातली भीती', 'घर सोडून न जाणारी माणसं' असे गट, आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचं टिपण. जुन्या वाचनालयात एखादा ग्रंथपाल असतो ना, आपण मागितलेलं पुस्तक देताना दुसरंच एक त्यावर ठेवणारा. तसं.

या प्रकारातली सगळ्यांना ठाऊक असलेली सेवा म्हणजे शडर, एएमसी नेटवर्क्स या अमेरिकी टीव्ही कंपनीने २०१५ मध्ये सुरू केलेली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. जुलै २०१८ मध्ये त्यांनी जो बॉब ब्रिग्जला आणलं. पूर्वी टीव्हीवर रात्री उशिरा भयपट दाखवताना मधेमधे येऊन गप्पा मारणारा हा माणूस. सलग २४ तास सिनेमे आणि मधे त्याची बडबड, एकदाच करायचा कार्यक्रम. लोक इतके लोटले की सर्व्हर कोसळले आणि कित्येकांना आतच जाता आलं नाही. पुढच्या वर्षी त्याची नियमित मालिका झाली. यादीत जुने, चाहत्यांनी पाहिलेले सिनेमेही होते. म्हणजे गर्दी सिनेमांसाठी कमी आणि त्याच वेळी बाकीचेही जागे आहेत यासाठी जास्त. पांघरुणाखालच्या दोघांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

(धाकटा फोन ठेवताना म्हणाला, "बंद करायच्या आधी मला सांग, मी तुझाच पासवर्ड वापरतोय." गेला महिनाभर!)

शनिवार, रात्री

अर्धवट सोडलेले पाच का सोडले, ते आठवत होते. पाचही सारखेच. शांतता, शांतता, मग धाडकन आवाज. दचकवण्याची ही युक्ती जुनी आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते, मागे पावलांचा आवाज, मग आवाज थांबतो, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्स करून समोर बस येऊन उभी राहते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून अशा दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. गंमत अशी की तिथे बसच्या आधीचा दीड मिनिट भीतीदायक आहे, बस म्हणजे सुटका. माझ्या पाच सिनेमांत नुसत्या बसच होत्या, एकामागे एक, आणि थांब्यावर कुणी नाही.

रोज भयपट पाहिल्याने माझंही काहीतरी बोथट झालंय. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपत होते. चौथा सिनेमा सोडताना तर जांभई आली. विनोदी, कौटुंबिक, कसलं तरी रटाळ, यांच्या मधे अचानक आलेलं भूत जास्त लागतं. दुकानात सगळ्या फळ्यांवर भुतंच असतील तर आपण किंमत-वजन बघायला लागतो.

रविवार

सकाळी बंद केली. दोन-तीन महिन्यांनी नवे सिनेमे साठले की पुन्हा घेईन, एका महिन्यासाठी, आणि पहिल्याच दिवशी पुढची वसुली बंद करून ठेवीन. मधल्या काळात त्यांच्या याद्या वाचायला पैसे पडत नाहीत. वर्षभराचे एकदम भरले की स्वस्त पडतं म्हणतात. ज्याला घरी सोबत आहे आणि दर शनिवारी ठरवून बघायची सवय आहे, त्याने ते खुशाल घ्यावं. मी पोस्टरं चाळणारी बाई.

बंद करताना पडद्याने कारण विचारलं. 'महाग वाटते', 'वापर कमी', 'आवडीचे सिनेमे नाहीत', 'इतर'. 'इतर' दाबलं. रिकामी चौकट आली. तिच्यात 'काळा रंग' इतकंच लिहिलं.

भरलेल्या पैशांची मुदत मध्यरात्रीपर्यंत होती, म्हणून दहाला शेवटचा एक लावला. पुन्हा तोच स्मशानाचा. या वेळी नेटही शहाण्यासारखं वागलं, अंधार अखंड होता. मागे लांबून तो माणूस चालत आला, मी पाय वर घेतले. मग एक दृश्य संपून पडदा क्षणभर पूर्ण काळा झाला, आणि त्या काचेत माझ्या डोक्याच्या मागे कुणीतरी उभं असलेलं दिसलं.

नवरा. पाण्याचा तांब्या हातात, तोंड किंचित उघडं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पुढे काय होतं?" म्हणाला.

"बस," म्हटलं, आणि उशी सरकवली.