कुर्डीचा लेख एकदाचा लागला, आता धालो

मंडळी, गोव्यातल्या कुर्डी गावावरचा विकिपीडिया लेखाचा मसुदा धूळपाटीवरून (कच्चं लिखाण करायची जागा) मुख्य नामविश्वात, म्हणजे सगळ्यांसाठीच्या लेखांत हलवला. फोटो टाकायचे राहिलेत, पण मजकूर उभा राहिला.

कुर्डीबद्दल शोधलं की सगळीकडे तेच मिळतं, साळावली धरणात बुडालेलं गाव, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं, ड्रोनचे फोटो, बास. म्हणजे गाव बुडालं तिथूनच त्याचा इतिहास सुरू होतो की काय! तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड न दगड सुटा करून धरणाजवळ परत उभारलं, त्याच्यावर लिहिलेलं भरपूर मिळतं. पण जी माणसं उठून वाडे-वालकिणीला गेली त्यांनी तिथे नव्याने संसार कसा मांडला, शेती कुठली मिळाली, यावर ओळी शोधाव्या लागतात. मला हे फार लागतं. आपण संदर्भाशिवाय लिहीत नाही, ते बरोबरच आहे, पण मग छापणाऱ्यांनी ज्यांना वगळलं ते आपल्याकडेही आपोआप वगळले जातात.

म्हणून ‘विस्थापनानंतर’ असा वेगळा विभाग केला आणि तो सगळ्यात वर घेतला, देवळाच्याही आधी. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या मराठी पेपरांच्या फायली बघितल्या, खूप कामाचं मिळालं. मोगूबाई कुर्डीकरांचा (जन्म १९०४, कुर्डीच) उल्लेख करताना त्यांचं गाणं आणि जयपूर-अत्रौली घराणं आधी घेतलं, ‘किशोरीताईंच्या (गायिका किशोरी आमोणकरांच्या) आई’ हे नंतर. लेकीचं नाव मोठंच आहे, पण आईची ओळख तिथून का सुरू व्हावी?

आता धालो घेतलेत, म्हणजे गोव्यातल्या बायकांची लोकगीतं आणि नाच. पौषात मांडावर (गावातल्या ठरलेल्या अंगणात) बायका रात्र रात्र गातात, त्यावर लिखाण आहे पण बहुतेक ठिकाणी ‘गावातील स्त्रिया’ एवढंच, गाणाऱ्या बाईचं नाव नाही. मांडावर जाऊन स्वतः विचारलं तर ते मूळ संशोधन होतं, विकीवर चालत नाही. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी माहिती रेकॉर्ड करून तिचा संदर्भ द्यायचा प्रयोग झाला होता, पण तो नियम काही झाला नाही. तोवर वाट एकच, आधी कुठेतरी नीट छापून यायला हवं.

तर पेडणे, सत्तरी, काणकोण, सांगेकडच्यांनो, घरात जत्रेच्या, शाळेच्या, महिला मंडळाच्या जुन्या स्मरणिका असतील तर रद्दीत घालू नका. गाणाऱ्यांची नावं असलेलं पान, मुखपृष्ठ आणि प्रकाशन वर्ष असलेलं पान, एवढ्याचे फोटो काढून लेखाच्या चर्चा पानावर कळवा, मी बघून घेते.