पट्ट्याचं भोक आणि म्युनिकची सुनावणी

सुनावणी म्युनिकच्या घड्याळाप्रमाणे सकाळी नऊला होती, म्हणजे सांगलीत दुपारी दीडला. आईनं एकच्या आत कुकर उतरवायचं कबूल केलं होतं. अप्पांनी सकाळीच इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि वरची ओल फडक्यानं पुसून घेतली, कारण विश्रामबागेत ऐन वेळी लाइट जाणार नाही असं कुणी लिहून देत नाही. मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते, वर ऑफिसचा ब्लेझर आणि खाली घरातली सलवार. विषय होता बॅटरीच्या सेलवरचा दाब सांभाळणारी यंत्रणा. तिला पेटंट द्यायचं की नाही, हे युरोपियन पेटंट ऑफिसचे तीन परीक्षक त्या दुपारी ठरवणार होते.

दिवाळीची रजा आणि सुनावणीची तारीख एकमेकांत अडकली, त्याला इलाज नव्हता. आमच्या पेटंट वकीलबाई म्हणाल्या, तारीख बदलून मागता येते, पण कारण भक्कम लागतं. चिरोटे त्यात बसत नाहीत. व्हिडिओवरच आहे, तू तिकडूनच बस.

इकडं आले की हमखास विचारतात, तिकडं बॅटरीचं काम करतेस म्हणजे नेमकं काय? तर मी बॅटरीच्या रसायनाला हात लावत नाही. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजची मेकॅनिकलवाली. माझं काम सेल दाबून धरायचं.

हे ऐकायला फुटकळ वाटतं, पण गंमत त्यातच आहे. पाउच सेल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलच्या पाकिटात बंद केलेली थरांची चळत. चार्जिंग करताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं आणि ग्राफाइट साधारण दहा टक्के फुगतं. डिस्चार्ज झालं की पुन्हा बसतं. ग्राफाइटमध्ये सिलिकॉन मिसळलं तर क्षमता वाढते, पण सिलिकॉन लिथियम पिऊन तिपटीहून मोठं होतं, मग फुगवटा आणखी. हा झाला सेलचा रोजचा श्वास. त्याशिवाय वर्षानुवर्षं एक वेगळीच सूज चढत जाते. नको त्या रासायनिक क्रिया, थोडा थोडा गॅस, जाड होत जाणारे थर. ही सूज उतरत नाही.

दाब कमी पडला तर थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे गॅसच्या पोकळ्या राहतात. जास्त झाला तर मधल्या सच्छिद्र पडद्याची भोकं चिंबतात आणि आयनांची वाट अडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बरं असतं, तिच्या झाकणाला हवा जायला वाट असते आणि वरून पाणीही घालता येतं. पाउच सेलला तशी सोय नाही, तो सीलबंद. त्याला बाहेरूनच आणि बेतानंच दाबून धरावं लागतं, पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच दहाव्या वर्षीही.

माझी यंत्रणा अप्पांना मी पहिल्यांदा समजावली तेव्हा त्यांनी ती एका वाक्यात बसवली. "म्हणजे जेवल्यावर पोट फुगतं त्याला इलॅस्टिक, आणि पन्नाशीनंतर सुटतं त्याला पट्ट्याचं पुढचं भोक." अगदी हेच. रोजच्या श्वासासाठी बशीच्या आकाराच्या डिस्क स्प्रिंगांची चळत. त्या योग्य मापाच्या घेतल्या तर काही अंतरापर्यंत कितीही दाबल्या तरी जोर जवळजवळ तेवढाच राहतो. आणि कायमच्या सुजेसाठी मागं एक दात्यांची पट्टी नि खटका. सूज वाढली की खटका एक दात सरकतो आणि स्प्रिंग पुन्हा आपल्या सुखाच्या टापूत येते.

पण हे समजावायला मला दीड वर्षाहून जास्त थांबावं लागलं होतं. युरोपात अर्ज दाखल करण्याआधी तुम्ही शोध जगजाहीर केलात की नावीन्य संपलं. नंतर "तो माझाच होता हो" म्हणून उपयोग नाही. अर्ज गेल्यावरही कंपनीनं तोंडाला कुलूप लावलं होतं. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर दर रविवारच्या फोनवर मी "चाललंय काम" एवढंच म्हणायचे. अप्पांना वाटायचं, हिला तिकडं त्रास आहे.

प्रसिद्ध झाल्यावर लिंक पाठवली. पेटंटचे कागद कुणालाही फुकट वाचता येतात, इतकंच काय, परीक्षक आणि वकील यांच्यातला पत्रव्यवहारसुद्धा. अप्पांनी मोबाइलवर आकृत्या मोठ्या करकरून बघितल्या. पहिला प्रश्न, "नाव तुझं, मालकी कंपनीची?" होय. जर्मनीत नोकरदारांच्या शोधांसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. शोध लागला की कंपनीला लेखी कळवायचा. कंपनीनं हक्क घेतले की तिनं शोध लावणाऱ्याला वाजवी मोबदला द्यायचा. अप्पांनी आकडा विचारला. सांगितला. ते गप्प बसले. ही गप्प बसायची त्यांची पद्धत मला चांगली कळते.

दुसरा प्रश्न मात्र महागात पडला.

परीक्षकानं जुने कागद धुंडाळून केलेल्या अहवालात आमच्या मुख्य क्लेमपुढं, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यापुढं, वाय हे अक्षर होतं. एक्स असतं तर एकाच जुन्या कागदानं आमचा निकाल लागला असता. वाय म्हणजे दोन कागद एकत्र ठेवले की आमचा शोध त्यातून सहज निघतो, असा आक्षेप. डी-१ हा सेल स्प्रिंगांनी दाबणारा बॅटरी मोड्यूल. त्याची अपेक्षा होतीच. डी-२ मात्र रेल्वेच्या ब्रेकमधला आपोआप ढील काढणारा अ‍ॅडजस्टर, माझ्या जन्माआधीचा जर्मन कागद.

अप्पांनी ती आकृती पाहिली आणि फोनवर मोठ्यानं हसले. "अगं हे तर आमचं एसएबी!"

अप्पांची नोकरी मिरजेत गेली, रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात. वॅगनच्या पोटाखाली, ब्रेकच्या दांड्यांमध्ये एक लांबट नळकांडं असतं, स्लॅक अ‍ॅडजस्टर. ब्रेक ब्लॉक झिजले की चाक आणि ब्लॉक यांच्यातलं अंतर वाढतं, मग हे आपोआप आखूड होऊन ते अंतर भरून काढतं. एसएबी हे मूळ स्वीडिश कंपनीचं नाव, पण आपल्या रेल्वेत ते त्या वस्तूचंच नाव होऊन बसलंय.

आमचा उत्तराचा मसुदा तयार होता आणि मी त्याच्यावर खूश होते. मुद्दा असा, की ब्रेकमध्ये झीज होते, अंतर वाढतं, अ‍ॅडजस्टर आखूड होतो. आमच्याकडं सेल जाड होतो, यंत्रणेला जागा द्यावी लागते. म्हणजे गरज नेमकी उलटी. ब्रेकचा कागद हातात घेऊन कुणी आमच्यापर्यंत पोचणारच नाही. अप्पांना मी हे जरा ऐटीतच ऐकवलं.

"हे कुणी लिहिलं?" अप्पा म्हणाले. "एसएबी दोन्हीकडं चालतं. नवे ब्लॉक बसवले की अंतर कमी होतं, तेव्हा ते आपोआप लांबतं. हातानं फिरवायला लागत नाही. आयुष्यभर हेच केलं की मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी डी-२ पुन्हा उघडला. अकराव्या पानावर तेच लिहिलं होतं, जुन्या वळणाच्या लांबलचक जर्मन वाक्यात, आणि ते आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटलं होतं. तो मुद्दा तसाच पाठवला असता तर परीक्षकानं आम्हाला त्याच पानाचा नंबर शांतपणे परत पाठवला असता.

सांगलीत पेटंट म्हटलं की लोकांना हळद आठवते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं ते आव्हानलं आणि १९९७ मध्ये तिथल्या पेटंट ऑफिसनं ते फेटाळलं. माझ्या आजीला हे कळलं असतं तर तिनं हळकुंडच फेकून मारलं असतं. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात दुसऱ्या देशातला नुसता वापर चालत नव्हता, छापील पुरावा लागायचा. म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख पुढं करावा लागला. युरोपात नियम वेगळा. जगात कुठंही, कुठल्याही प्रकारे लोकांसमोर आलेली गोष्ट जुनीच धरतात, सिद्ध करता आली म्हणजे झालं. त्या हिशेबानं मिरजेच्या यार्डातली वॅगनसुद्धा माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहू शकते. हळदीच्या वेळी आपण ओरडणाऱ्यांच्या बाजूला होतो. या वेळी मी पलीकडच्या बाकावर होते, आणि खरं सांगायचं तर परीक्षकाचा थोडा रागही आला होता. तो अप्पांच्या एका वाक्यात गेला.

मग उरलं काय? मी पुन्हा अप्पांनाच विचारलं, एसएबीला कसं कळतं कधी सरकायचं? ते म्हणाले, अंतरावरून. कंट्रोल रॉड असतो, ए डायमेन्शन म्हणून एक ठरलेलं अंतर लावून ठेवतात, त्याच्यापेक्षा दांडा जास्त गेला की ते काम करतं. म्हणजे ब्रेक दाबलेला असताना, हालचालीच्या टोकाला.

आणि आमचा खटका बरोबर त्याच्या उलट वेळी सरकतो. सेल फुगलेला असताना सरकला तर तो जेवलेल्या पोटावरून पट्ट्याचं भोक ठरवेल. आमच्याकडं सेल पूर्ण डिस्चार्ज होऊन बारीक झालेला असतो, आणि तेव्हाही त्याला दाबणारी प्लेट ठरलेल्या रेषेच्या आत परत आली नाही, तर आणि तरच दात सरकतो. उपाशीपोटी माप. हे आमच्या अर्जात होतं, पण क्लेममध्ये नव्हतं, चौदाव्या पानावर एका परिच्छेदात होतं. तो परिच्छेद मला फाफटपसारा वाटला होता आणि वकीलबाईंनी हट्टानं ठेवला होता. युरोपात हे फार कडक आहे. मूळ अर्जात जे स्पष्ट नाही ते नंतर क्लेममध्ये घुसवता येत नाही. तो परिच्छेद नसता तर आमच्यापाशी मांडायला काही नव्हतं.

पेटंट ऑफिस इझार नदीच्या काठाला आहे, समोर नदीतल्या बेटावर डॉइचेस म्युझियम. मी सायकलवरून तिथून जाते तेव्हा आधी नदीची पातळी बघते, सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाखालचे फूट मोजत वाढलेल्यांची ही खोड जात नाही. आत मात्र कधी गेले नव्हते, आणि सुनावणीलाही गेले ते विश्रामबागेतून. अशी सुनावणी सार्वजनिक नसते, म्हणून अप्पांना दाराबाहेर बसावं लागलं. ते जिन्यात पेपर घेऊन बसले.

तिघं परीक्षक अगदी सौम्य बोलत होते. त्यांचा सगळा भर एका काल्पनिक माणसावर असतो. त्याला आपल्या क्षेत्रातलं सगळं ठाऊक असतं, पण कल्पनाशक्ती शून्य. (अप्पा नंतर म्हणाले, "असे दोन सुपरवायझर होते आम्हाला.") प्रश्न असा, की या माणसानं डी-१ आणि डी-२ समोर ठेवून आमची यंत्रणा केली असती का? करू शकला असता का, असं विचारत नाहीत. केली असती का, असं विचारतात. दोन्हींत फार फरक आहे आणि तास दीड तास त्या फरकावरच गेला.

मला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मी पट्ट्याचंच उदाहरण दिलं. नेमकी त्याच वेळी शेजारच्या वहिनींच्या कुकरनं लांब शिट्टी दिली. मी दचकून सांगितलं, तो प्रेशर कुकर आहे. उजवीकडच्या परीक्षकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, हा पुरावा म्हणून दाखल करताय का? वकीलबाई हसल्या, मग सगळेच.

आमची मुख्य मागणी, म्हणजे सूज वाढली की सरकणारा कुठलाही खटका, त्यांनी नाकारली. बरोबरच केलं, असं आता वाटतं. पहिली पर्यायी मागणी, म्हणजे सेल बारीक असतानाच सरकणारा खटका, तिच्यासाठी ते वीस मिनिटं आत गेले. परत आले आणि म्हणाले, हे चालेल.

दार उघडलं तर अप्पा पेपर उलटा धरून बसले होते. क्लेम वाचायला मागितला. एक क्लेम म्हणजे कितीही लांब असला तरी एकच वाक्य, हा रिवाज. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतला आणि निम्म्यात दम लागून थांबले. "याला फुलस्टॉप कुठाय?"

आता फी भरायची आणि क्लेमची फ्रेंच नि जर्मन भाषांतरं द्यायची. "आणि मराठी?" अप्पांनी विचारलं. मराठी लागत नाही म्हटलं, तरी संध्याकाळी त्यांच्या एका जुन्या डायरीत आम्ही दोघांनी करायला घेतलं. "दात्यांच्या पट्टीत अडकणारा" इथपर्यंत आलो आणि मी अडले. खटका म्हटलं की दाराचा वाटतो. अप्पांनी चष्मा वर केला. "सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तो. कुत्ता. कुत्ता लिही."

लिहिलं.